याची भिंत कुठंय?

तळं दिसलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: याची भिंत कुठंय? पाटबंधाऱ्याच्या नोकरीत तेहतीस वर्षं काढलेल्या माणसाला दुसरा प्रश्न सुचत नाही. आपल्याकडे पाणी आपण होऊन साठत नाही, ते अडवावं लागतं. लोणारसारखा एखादा अपवाद सोडला, तर महाराष्ट्राच्या नकाशावर जे जे निळं दिसतं त्याच्या एका टोकाला माती, दगड किंवा काँक्रीट असतंच. शिवाय एक चौकीदार, चौकीदाराचं कुत्रं आणि 'फोटो काढण्यास सक्त मनाई आहे' अशी अर्धी पुसलेली पाटी.

त्यामुळे एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात फिनलंडमधल्या सावोनलिन्नाला उतरलो आणि बेटांच्या मधूनमधून, नजर जाईल तिथवर पसरलेलं साइमा तळं समोर आलं, तेव्हा हिच्या तोंडून "अगंबाई!" निघालं आणि माझ्या तोंडून तो प्रश्न.

"रिटायर होऊन तीन वर्षं झाली तुम्हाला," ही म्हणाली.

मुलगी एस्पोला नोकरीला असते. तीन महिन्यांच्या व्हिसावर आम्ही दोघं तिच्याकडे गेलो होतो. फ्लॅटच्या खिडकीतून बर्च मोजून झाले, तिच्या फ्रीजमध्ये आमटी-भाजीचे डबे रचून झाले, तेव्हा तिनंच तीन दिवसांचं हे बुकिंग करून दिलं. तिच्या ऑफिसातल्या लोकांनी मात्र तोंड वाकडं केलं म्हणे. सावोनलिन्नाला जायचं ते जुलैत. तेव्हा तिथल्या किल्ल्यात ऑपेराचा महोत्सव असतो, आगबोटी चालतात, बाजारात स्ट्रॉबेऱ्या येतात. एप्रिलमध्ये तिथे काय असतं? काही नसतं. पण जुलैत जी खोली आम्हाला परवडली नसती ती एप्रिलमध्ये निम्म्याहून कमी पैशात मिळत होती. काही नसलेलं गाव निम्म्या दरात मिळत असेल तर घ्यावं, असा आमच्या घरातला जुना शिरस्ता आहे.

हेलसिंकीहून निघालेली गाडी लाहती, कोउवोला, लाप्पेनरांता, इमात्रा करत पारिक्कालाला थांबते. तिथून सावोनलिन्नाला एक चिमुकली रेल्वेबस जाते. ती पाहून मला बार्शी लाइटची आठवण झाली. कुर्डुवाडीच्या फलाटावर मोठ्या गाडीतून उतरून त्या खेळण्यातल्या गाडीत बसायचं, तसंच हे. फरक इतकाच, की बार्शी लाइटमध्ये कोंबड्या असायच्या आणि इथे आम्ही धरून पाच माणसं, तीही एकमेकांपासून जास्तीत जास्त अंतरावर बसलेली.

वाटेत पुन्काहार्यू लागतं. सात किलोमीटर लांबीची, जेमतेम रस्ता आणि रूळ मावतील एवढी अरुंद होत जाणारी रांग, तिच्यावर उंच पाइन आणि दोन्ही बाजूंना पाणी. धरणाच्या माथ्यावरून जीपमधून जाताना दिसतं तसं हुबेहूब. ही म्हणाली, "ही घ्या तुमची भिंत." मी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. पातळी दोन्हीकडे एकच. भिंत असती तर एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला ऊस असता. नंतर कळलं की हिमनदीच्या पोटातून वाहणाऱ्या ओढ्यांनी ही वाळू-गोट्यांची रांग घातली आहे. वर बर्फ वितळला आणि ओढ्याचा तळ तेवढा डोंगरासारखा उभा राहिला.

गाव बेटांवर वसलेलं आहे. पूल ओलांडला की पुढचं बेट, की पुढचा पूल. हिवाळाभर घसरू नये म्हणून फुटपाथवर टाकलेली बारीक खडी अजून झाडायची होती, तिचा कचकच आवाज प्रत्येक पावलाला. तेवढाच आवाज. धक्क्याजवळच्या बाजाराच्या चौकात एकच टपरी उघडी. तिथे लोर्त्सी मिळाली. ही सावोनलिन्नाची खासियत: पातळ पारीची, अर्धचंद्राच्या आकाराची, तळलेली, आत खिमा नाहीतर सफरचंद. म्हणजे करंजीच की! हिनं सफरचंदाची घेतली, हातात उलटीपालटी केली, कडा निरखल्या आणि निकाल दिला: "मुरड नाही घातलेली. नुसती दाबून चिकटवलीय." मग दोन खाल्ल्या.

किल्ल्याबद्दल लिहिलंच पाहिजे, कारण गाव त्याच्या पोटचं आहे. ओलाविनलिन्ना १४७५ साली बांधायला घेतला, स्वीडनच्या राजवटीत, पूर्वेकडच्या रशियनांना अडवायला. गाव वसलं ते १६३९ साली. पुढे १७४३ मध्ये किल्ला रशियाकडे गेलाच. गोल, जाडजूड तीन बुरूज आणि सगळा किल्ला एका खडकाळ बेटावर. चहूबाजूंनी पाणी म्हटल्यावर आपल्याला मुरुड-जंजिरा आठवतो. पण जंजिऱ्याला समुद्राची ओहोटी-भरती आहे, इथे आहे तो क्युरोन्साल्मी नावाचा चिंचोळा प्रवाह. तिथे पाण्याला इतका वेग आहे की ऐन हिवाळ्यातही ते गोठत नाही. म्हणजे सगळं तळं गोठून रस्ता झालेलं असताना शत्रूला बाकी कुठूनही चालत येता येईल, फक्त किल्ल्याच्या दाराशी येता येणार नाही. जागा निवडणाऱ्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला. जागेची निवड चुकली की पुढची सगळी ड्रॉइंगं वाया जातात.

त्याच मोकळ्या पाण्यावर राजहंस उतरले होते. वीसेक तरी असतील. बाकी तळं अजून बर्फाखाली, म्हणून परतीचे सगळे पाहुणे एवढ्याशा जागेत दाटीवाटीनं. फिनलंडच्या एक युरोच्या नाण्यावर हेच दोन हंस उडताना आहेत. मी खिशातून नाणं काढून ताडून पाहिलं. आपल्या भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर रोहित येतात, त्यांनाही असाच पाण्याचा हिशेब असतो. पाणी उथळ झालं की येतात, चढलं की जातात. पक्ष्यांना भिंतीशी देणंघेणं नाही.

किल्ल्याची एक गोष्ट सांगतात. शत्रूच्या माणसावर जीव जडलेल्या एका मुलीला फितूर ठरवून भिंतीत चिणलं, आणि त्या भिंतीतून रोवनचं झाड उगवलं, पांढऱ्या फुलांचं आणि लाल फळांचं. ऐकताना ही पुटपुटली, "इथेही?" आपल्याकडच्या किती बुरुजांच्या, बंधाऱ्यांच्या नावावर अशा गोष्टी आहेत! बांधकाम टिकत नव्हतं, मग कुणाला तरी आत घातलं. नोकरीत असताना एका जुन्या मुकादमानं मला हे अगदी तांत्रिक बाब सांगावी तसं सांगितलं होतं.

आमची घरमालकीणबाई सत्तरीची. उंच, कोरड्या हातांची, हळूहळू पण नेमकं इंग्रजी बोलणारी. खाली ती राहायची, वरच्या दोन खोल्या भाड्यानं द्यायची. पहिल्याच संध्याकाळी तिनं आम्हाला दाराशी उभं करून एक सूचना दिली: तळ्यावर पाऊल टाकायचं नाही. पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत लोक चालत होते, ठशांवरून तुम्हाला वाटेल की आपणही जावं. जायचं नाही. दाराजवळच्या खुंटीला दोरीनं जोडलेल्या दोन लाकडी मुठी टांगल्या होत्या, प्रत्येकीतून लोखंडी टोक बाहेर आलेलं. बर्फावर जाताना त्या गळ्यात घालायच्या. बर्फ फुटून आत पडलात तर टोकं कडेच्या बर्फात रुतवून स्वतःला बाहेर ओढायचं. जानवं घालावं इतक्या सहज तिनं त्या गळ्यात अडकवून दाखवल्या.

मग तिनं एक शब्द शिकवला: केलिरिक्को. 'केलि' म्हणजे वाटेची, हवेची चालण्याजोगी स्थिती आणि 'रिक्को' म्हणजे ती मोडणं. बर्फ माणसाला पेलत नाही आणि होडीला वाट देत नाही, असे ते वर्षातले काही आठवडे. पूर्वी बेटांवरची माणसं या दिवसांत अडकून पडायची. पीठ, मीठ, रॉकेल आधीच भरून ठेवायचं आणि बसायचं. शरदात गोठताना एकदा, वसंतात वितळताना एकदा. आम्ही नेमके या मुहूर्तावर आलो होतो.

"किती दिवसांत जाईल बर्फ?" मी विचारलं. पाणी कधी येणार, कधी सोडणार, कधी चढणार, हे प्रश्न जन्मभर मला लोकांनी विचारले. कुणाला तरी आपणही विचारावेत.

बाईंनी तळ्याकडे पाहिलं. "जाईल," ती म्हणाली. "किंवा नाही जाणार."

नंतर तिनंच खुलासा केला. हा सावो प्रांत. फिनलंडची माणसं अबोल म्हणून प्रसिद्ध आहेत, पण सावोची माणसं बोलतात. फक्त सरळ बोलत नाहीत. सावोचा माणूस बोलला की अर्थ लावायची जबाबदारी ऐकणाऱ्यावर जाते, अशी त्यांच्या भाषेत म्हणच आहे. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. माझ्या एका वरिष्ठांच्या शेऱ्यांचा अर्थ लावण्यात माझी उमेदीची सहा वर्षं गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच काठाशी गेलो. पाऊल टाकायचं नव्हतं, पण बसायला कोण अडवतो? काठाशी हातभर रुंदीचं पाणी मोकळं झालं होतं आणि त्यापलीकडे करड्या, ओलसर, थकल्यासारख्या रंगाचा बर्फ. पक्क्या बर्फाचा ढोबळ हिशेब असा, की पाच सेंटीमीटर जाडी एका माणसाला पेलते. वसंतात हा हिशेब चालत नाही. अर्धा मीटर जाडीचा बर्फही दगा देतो. का, ते काठावर लागलेला एक तुकडा उचलल्यावर कळलं. वरून एकसंध दिसणारा तो तुकडा हातात घेताच उभ्याउभ्या सुटला. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब, काचेसारख्या कांड्या, एकमेकींना नुसत्या टेकून उभ्या. ऊन बर्फाला वरून झिजवतंच, पण कणांच्या सांध्यांमध्येही शिरतं आणि सांधे सोडवतं. जाडी तीच राहते, बंध जातो. आमच्याकडे खराब भरलेल्या काँक्रीटचा गाभा काढला की तो असाच हातात येतो. साइटवर त्याला हनीकोंब म्हणतात आणि तो दिसला की कंत्राटदार चहा मागवतो.

मग वारा सुटला. काठापासून पन्नासेक फुटांवर त्या कांड्यांची एक पट्टी मोकळी होऊन हेलकावत होती. तिच्यातून जो आवाज यायला लागला तो मी कधी ऐकला नव्हता, म्हणजे ऐकला होता, पण पाण्यातून नव्हे. कासार दारात येऊन पेटारा खाली ठेवायचा आणि आतल्या सगळ्या काचेच्या बांगड्या एकदम हलायच्या, तो आवाज. फक्त पेटारा अर्धा किलोमीटर लांब. मी तिथे किती वेळ बसलो कोण जाणे. ही शोधत आली तेव्हा माझी पँट मागून ओली झाली होती आणि तिनं काय म्हटलं ते इथे लिहायचं कारण नाही.

भिंतीचा पत्ता लागला तो त्याच दुपारी, बाईंच्या जिन्यात लावलेल्या जुन्या नकाशावर. फिनलंडच्या दक्षिणेकडून, गळ्यातल्या हारासारखी वळलेली एक रांग जाते. तिचं नाव साल्पाउस्सेल्का. 'साल्पा' म्हणजे अडसर, 'सेल्का' म्हणजे पाठ. बारा हजार वर्षांपूर्वी हिमनदी मागे हटता हटता इथे अडखळली. पुन्हा थंडी वाढली, शतकानुशतकं तिची कड इथेच रेंगाळली आणि पोटातली सगळी वाळू, गोटे, माती तिनं या रेषेवर आणून टाकली. त्या रांगेच्या उत्तरेला तळीच तळी. म्हणजे हे मातीचं धरणच झालं की! बांधणारा बर्फ आणि मजुरीही त्याचीच. आणि गंमत अशी की लाहतीपासून इमात्रापर्यंत आमची गाडी बराच वेळ या रांगेला धरूनच आली होती. मी धरणाच्या भिंतीवर बसून डब्यातल्या दशम्या खाल्ल्या होत्या आणि मला पत्ता नव्हता.

सांडवासुद्धा आहे. बर्फाचं ओझं उतरल्यावर दबलेली जमीन हळूहळू वर यायला लागली, पण वायव्येला जास्त आणि आग्नेयेला कमी. त्यामुळे परात कलंडावी तसं साइमा कलंडलं. पूर्वी त्याचं पाणी पश्चिमेला जायचं. ते कलत कलत आग्नेयेच्या कडेवर आलं आणि सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी इमात्राजवळ रांग फोडून बाहेर पडलं. तीच वुओक्सी नदी. साइमाची पातळी समुद्रसपाटीपासून ७६ मीटर, आणि वुओक्सी जिथे जाते त्या लादोगा तळ्याची जेमतेम पाच. मधल्या सत्तर मीटरवर वीजघरं आली. इमात्राचं १९२९ पासून चालू आहे. वुओक्सीचा सरासरी विसर्ग सेकंदाला सहाशे घनमीटरच्या आसपास. म्हणजे आमच्या भाषेत एकवीस हजार क्युसेक, आणि तोही बारमाही. तळ्याचं क्षेत्रफळ सुमारे ४,४०० चौरस किलोमीटर. जायकवाडीचा नाथसागर साडेतीनशेच्या घरात. असे बाराहून जास्त नाथसागर, आणि वर्षभरात पातळी साधारण मीटरभर हलली तरी पुष्कळ. हे आकडे मी कागदावर मांडत बसलो तेव्हा मला जे सुख झालं ते किल्ल्यातही झालं नव्हतं.

जाता जाता इमात्राचं आणखी एक. तिथला प्रसिद्ध धबधबा धरणामुळे कोरडा पडला आहे. म्हणून उन्हाळ्यात रोज ठरावीक वेळी दरवाजे उघडून, संगीत लावून, पर्यटकांना दाखवायला थोडा वेळ पाणी सोडतात. मी हे आमच्या निवृत्त अभियंत्यांच्या ग्रुपवर टाकलं. एकानं लगेच लिहिलं, "आणि नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा कोण देतं?"

इथवर सगळं गमतीचं चाललं होतं. पण तळ्याबद्दल माझा दुसराही एक प्रश्न असतो, तो मी सहसा उघड विचारत नाही.

माझं आजोळ उजनीत गेलं. करमाळा तालुक्यातलं, भीमेच्या काठचं गाव. आमच्याकडे बुडालं म्हणत नाहीत, 'पाण्यात गेलं' म्हणतात. जमीन गेली, गाव गेलं, जसा एखादा माणूस गेला म्हणतात तसं. धरण १९८० मध्ये पुरं झालं, पण गाव त्याआधीच उठायला लागलं होतं. मी तेरा वर्षांचा असताना मे महिन्याच्या सुट्टीत गेलो, तेव्हा आजोबा घराची चौकट काढत होते. आधी कौलं उतरवली, मग वासे, मग तुळया आणि शेवटी दाराची चौकट. बैलगाडीवर ती उभी बांधली होती. रस्ताभर त्या रिकाम्या दारातून मागचं शिवार दिसत होतं. राहिलं ते फक्त जोतं. दगडी जोतं कोण नेणार? पुढे मी पाण्याच्याच नोकरीत चिकटलो. उजनीचा मृतसाठा ६३ टीएमसी. दुष्काळी वर्षी पातळी त्याच्याही खाली उतरली की पेपरात मथळा येतो, 'उजनी मायनसमध्ये'. तेव्हा पलसदेवचं देऊळ बाहेर येतं, माणसं गाड्या करून बघायला जातात. आमची आईही पूर्वी जायची. देवळासाठी नाही. चिखलातून चालत जाऊन जोत्यावर पाच मिनिटं बसायची आणि परत यायची.

म्हणून तळं कितीही देखणं असलं तरी मला खाली काय आहे ते वाटत राहतं. साइमाच्या खाली, मी चौकशी केली तेवढ्यात, एक आगबोट निघाली. सालामा नावाची, १८७४ साली बांधलेली. १८९८ मध्ये दुसऱ्या बोटीशी टक्कर होऊन बुडाली आणि १९७१ मध्ये वर काढली. थंड, गोड्या पाण्यात त्र्याहत्तर वर्षं राहूनही जवळपास अखंड. ती आता इथल्या संग्रहालयाकडे आहे. पण गाव? गाव एकही नाही. हजारो वर्षांपूर्वी पाणी आलं तेव्हा नोटीस द्यायला इथे कुणी नव्हतंच.

शेवटच्या दिवशी केरिमाकीचं लाकडी चर्च बघायचं होतं. जगातलं सगळ्यात मोठं लाकडी चर्च म्हणतात, १८४७ साली पुरं झालेलं, तीन हजारांवर माणसं बसतील एवढं. ते बंद होतं. पिवळ्या-पांढऱ्या भिंतीभोवती एक चक्कर मारली आणि बसनं परत आलो. संध्याकाळी बाईंनी कॉफीला खाली बोलावलं. वेलदोड्याचा पाव होता. ही वासानंच खूश झाली. बोलता बोलता हिनं विचारलं, तुम्ही मूळच्या इथल्याच का?

बाई म्हणाली, मी इथली. आई इथली नव्हती.

तिची आई लादोगाच्या काठची, सोर्तावालाजवळच्या एका खेड्यातली. १९३९ च्या हिवाळ्यात रशियाशी युद्ध झालं आणि कारेलियाचा तो भाग गेला. चार लाखांहून जास्त माणसं उठून अलीकडे आली. त्यातली बरीचशी पुढच्या लढाईत परत गेली, घरं डागडुजी केली, शेतं पेरली, आणि १९४४ मध्ये पुन्हा एकदा सगळं सोडून निघाली. तिची आई तेव्हा बारा वर्षांची. सरकारनं कायदा करून त्यांना देशभर जमिनी दिल्या, वाटेल तिथे, ओळख ना पाळख. हे ऐकताना मी हातातला कप खाली ठेवला. पुनर्वसन हा शब्द मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

सोव्हिएत संघ गेल्यावर, नव्वदच्या दशकात, तिकडे बसेस जायला लागल्या. बाई आईला घेऊन एकदा गेली. गाव नव्हतं. झाडी वाढलेली. आईनं विहीर शोधली, विहिरीवरून लायलॅकचं झुडूप, झुडपावरून घर. घराचं काय राहिलं होतं? बाईंना इंग्रजी शब्द सापडेना. ती फिनिशमध्ये म्हणाली, "किवियाल्का," आणि दोन्ही हात टेबलावर आडवे धरून दाखवलं: जमिनीपासून एवढं, दगडाचं, ज्यावर घर उभं असतं. किवी म्हणजे दगड, याल्का म्हणजे पाय.

"जोतं," ही म्हणाली.

बाईंनी तो शब्द एकदा म्हणून पाहिला. आई त्यावर बसली होती का, असं मला विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. आता पूर्वेकडची सरहद्द २०२३ च्या डिसेंबरपासून बंद आहे आणि बसेस जात नाहीत.

वर खोलीत आल्यावर आईला व्हिडिओ कॉल लावला. तिच्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेले होते, इथे लख्ख ऊन. ऐंशीची आहे, ऐकू कमी येतं, म्हणून फोन तोंडासमोर धरून ओरडते. मी तिला खिडकीतून तळं दाखवलं. करडा बर्फ, मधे काळं पाणी, पलीकडचं बेट. तिनं बराच वेळ बघितलं आणि तोच प्रश्न विचारला, जो मी तीन दिवस पोटात ठेवला होता.

"किती गावं गेली रं ह्येच्यात?"

"एकबी नाही, आई. आपोआप झालेलं हाय."

"आसं कसं आपोआप?" तिला ते पटलं नाही. मग मी तिला खालच्या बाईंच्या आईची गोष्ट सांगितली. सरहद्द, दोन वेळचं उठणं, जोतं. ती मधे काही बोलली नाही. शेवटी म्हणाली, "आन् गुरं?"

"काय गुरं?"

"गुरं आनली का न्हाई संगं? आपली ढवळी बारा दिस नव्या गोठ्यात चरली न्हवती. तुझ्या आज्ज्यानं हातानं घास दिला. त्या बाईला इचार."

सकाळी गाडीची वेळ होती. सामान दाराशी आणलं आणि मी बाईंना विचारलं. प्रश्न मांडताना मला थोडं ओशाळल्यासारखं झालं, पण माझ्या आईचा निरोप आहे म्हटल्यावर बाई थांबली. मग श्वास आत ओढत ती "यो" म्हणाली. इकडची माणसं हो म्हणताना असा श्वास आत घेतात, पहिल्यांदा ऐकलं की वाटतं दचकली. गाय होती. मान्सिक्की नाव, म्हणजे स्ट्रॉबेरी, तांबडी होती म्हणून. १९४४ मध्ये आई आणि आजी तिला घेऊन चालत आल्या, वाटेत रस्त्याच्या कडेला धार काढत. चरली का, ते बाईंना माहीत नव्हतं. ती आत गेली आणि हातात काहीतरी घेऊन आली. मुठीएवढी, पत्र्याची, गंजून तपकिरी झालेली घंटा. वरचा चामडी पट्टा नव्यानं घातलेला.

मी मोबाइल पुढे धरला. बाईंनी घंटा दोनदा वाजवली. ते मी आईला पाठवून दिलं.

पुन्काहार्यू येईपर्यंत उत्तर आलं नाही. मग, गाडी त्या अरुंद रांगेवर असताना, दोन्हीकडे बर्फ आणि पाणी, आईचा आवाजी निरोप आला. नातवानं लावून दिला असणार. मागे टीव्ही चालू होता. आई ओरडून सांगत होती:

"बोबडी वाजतीया. आतली जीभ झिजलीया तिची. ढवळीची चांगली व्हती."